माय निजली की नाहीशी होणारी गाठ

हे लिहिणारा मनुष्य कळमनुरीच्या तहसील कचेरीसमोर गेली बावीस वर्षे अर्जनवीस म्हणून बसतो. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले आहे. तथापि ज्यांचे शिक्षण त्याहून पुष्कळ झाले आहे, तेही वारसाचा, वाटणीचा अथवा बदलीचा मसुदा माझ्याकडूनच करून घेतात, हे येथे नमूद करणे भाग आहे. कारण पुढे जे घडले त्यात माझ्या लेखणीचा दोष मोठा आहे, आणि तो दोष कोणत्या उंचीवरून घडला हे वाचणाऱ्यास कळले पाहिजे.

मजकूर माझ्या मायच्या दुखण्याचा आहे. त्या दुखण्याचे डॉक्टरी नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही, म्हणून ते लिहीत नाही. ज्यांच्या घरात म्हातारे माणूस आहे आणि त्याच्या पोटावर कधी असते, कधी नसते अशी काही वस्तू आहे, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

खुंटीवरची चंची

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा होऊन वर्ष झाले होते. जुने शिक्के गेले, नवे आले, आणि सगळ्या मुलखाला आपापले कागद पुन्हा एकदा करून घ्यावे असे वाटू लागले. माझ्यापुढे सकाळपासून माणसे उकिडवी बसलेली असत. दुपारी दोन घास खायला मी घरी येई.

मायचे वय सत्तरीच्या पुढे होते. ती पानसुपारी खाणारी होती आणि तिची कापडी चंची डाव्या कमरेला, लुगड्याच्या आत खोचलेली असे. मला कळू लागले तेव्हापासून मायची डावी बाजू जराशी फुगीर, हे माझ्या डोळ्यांना पाठ झाले होते.

त्या दुपारी ती मधल्या दारात उभी होती. जेवण झाल्यावर मी हात पुढे केला.

"माय, सुपारी दे जराशी."

"खुंटीवर हाय, घे."

मी वर पाहिले. चंची खुंटीला लटकत होती. खाली पाहिले, तर मायच्या कमरेचा फुगवटा जसाच्या तसा होता.

मी पाहत राहिलो. आणि मी पाहत असताना लुगड्याखाली तो किंचित हलला. वाऱ्याने पदर हलतो तसा नव्हे. झोपलेल्याने कूस बदलावी तसा.

"काहून असा पाहून राहिला?" माय म्हणाली.

"कमरेला काय बांधलंस?"

"काय बांधू? काहीच न्हाई." असे म्हणून ती बाजूच्या चटईवर बसली, मग आडवी झाली. लुगडे तिथे सपाट पडले. दाबून पाहिले असते तरी काही लागले नसते.

बायकोला विचारले. कमल म्हणाली, "आत्याबाईला सुपारी चाववतच न्हाई. सहा-सात महिने झाले, चंची खुंटीलाच असते की."

म्हणजे सहा-सात महिने मी रोज दोन वेळा ती वस्तू पाहत होतो आणि तिला चंची समजत होतो. खोटा अंगठा हातभर अंतरावरून ओळखणारा मनुष्य म्हणून कचेरीत माझा लौकिक आहे. त्या दुपारी मला घास गेला नाही असे म्हणता येणार नाही, कारण तो आधीच खाऊन झाला होता. पण कचेरीकडे जाताना मी दोनदा रस्ता चुकलो.

कागदावर काही नाही

डॉक्टरांकडे न्यायला मी विलंब केला नाही. परंतु मी माझ्या पद्धतीने नेले, आणि तिथेच घोटाळा झाला.

मी फुलस्केप कागदावर मायच्या तक्रारीचे निवेदन तयार केले. नाव, वय, राहणार, तक्रारीचे स्वरूप, कालावधी, सबब विनंती. ते प्रत्येक डॉक्टरपुढे ठेवीत असे. डॉक्टर मायला काही विचारू लागले की उत्तर मी देत असे, कारण माय गुंतागुंतीचे बोलते आणि मी मुद्देसूद बोलतो. मग डॉक्टर म्हणत, "आजी, झोपा." माय झोपे. ते पोट दाबून पाहत. पोटात काही नसे.

पहिल्याने वायूचे चूर्ण दिले. दुसऱ्याने म्हाताऱ्या अंगावरची चरबी आहे म्हणून सांगितले. त्याच्या दारातून बाहेर पडताना एका ओळखीच्या गृहस्थाने माझ्या कानाला लागून एक शब्द उच्चारला, तो मी इथे लिहीत नाही. वाचणाऱ्याने ओळखला असेल. तो शब्द ऐकून मी दुसऱ्याच दिवशी मायला सोनोग्राफीसाठी नांदेडला नेले. तिथेही तिला उपाशीपोटी, उताणे निजवले. पोटावर गार चिकट औषध फासले. ती एवढेच म्हणाली, "गार हाय, बापू."

रिपोर्ट टाईप केलेला, सहीचा, शिक्क्याचा होता. त्यात कोणताही दोष आढळला नाही असे लिहिले होते. माझ्या छातीवरचे ओझे उतरले. घरी येऊन मी तो मायला आणि कमलला मोठ्याने वाचून, मराठी करून सांगितला.

माय उभी होती. तिने हात कमरेवर ठेवला. "मंग हे काय हाय?"

"ते काही नाही, माय. लिहून आलंय."

"तुझ्या कागदाला दिसत न्हाई, म्हून ते न्हाई?"

"सही-शिक्का आहे त्यावर."

माय मागच्या अंगणात निघून गेली. पुढे जवळजवळ दोन महिने ती त्याविषयी माझ्याशी चकार शब्द बोलली नाही. मला वाटले, तिची समजूत पटली.

भर दुपारी

चैत्र लागला होता. कमल बाहेर गेली होती. गल्लीत चिटपाखरू नव्हते. पत्र्यांवर ऊन वाजत होते. मी घरात शिरलो आणि मागच्या अंगणातून मायचे बोलणे ऐकले.

"बस, बस. किती धिंगाना करती. उन्ह उतरू दे, मंग निजू."

कोणी शेजारीण आली असेल म्हणून मी डोकावलो. भिंतीच्या सावलीत माय एकटी उभी होती. डावा हात कमरेवर होता. ती त्या हाताकडे पाहून बोलत होती. आणि तिचे बोलणे संपताच त्या हाताखालून उत्तर आले.

आवाज पाण्यात बुडवलेल्या तांब्यातून हवा सुटावी तसा होता. थोडा थांबला, पुन्हा आला. मी पाच हातांवर होतो. मला स्पष्ट ऐकू आला.

माय हसली. "व्हय ग बाई, व्हय."

माझ्या तोंडून "माय" एवढेच निघाले. तिने मागे वळून पाहिले, दचकली नाही. "ये," म्हणाली. माझा हात धरून तिने त्या जागेवर ठेवला. लुगड्यातून ऊब लागली. मऊ, भरलेले, पेरूएवढे काहीतरी होते, आणि माझ्या तळव्याखालून त्याच्या आत काहीतरी सरकत गेले.

माझा हात तसाच धरून ती सावलीतल्या चटईवर आडवी झाली. तेव्हा ते हळूहळू माझ्या हाताखालून निघून गेले. एखादे लेकरू पांघरुणात खाली सरकते तसे गेले. जाता जाता पुन्हा तो आवाज झाला. मागे उरली सपाट जागा, आणि सपाट जागेच्या मध्ये बोटभर खड्डा.

"निजली," माय म्हणाली.

"कोण?"

"तुझी मोठी बहीन."

मला बहीण नव्हती. वडील वारले तेव्हा वारसाच्या अर्जात मी स्वतःच्या हाताने एकुलते अपत्य असे लिहिले होते, आणि त्याखाली मायने अंगठा दिला होता.

"तुझ्या आधी एक झाली व्हती," माय वर आभाळाकडे पाहत म्हणाली. "रडली न्हाई. तिला ठेवून आलो. इतके वर्सं कुठं व्हती कोनाला ठावं. आता आली. मी उभी राह्यली की जागती, मी निजली की निजती. म्हून मी दिवसा पडत न्हाई. लेकराला किती निजवावं?"

तेव्हा माझ्या ध्यानात आले की गेले कित्येक दिवस माय दुपारची आडवी होत नव्हती. भिंतीला टेकून तासन्‌तास उभी असे.

घरात

मी हे कोणाला सांगणार नव्हतो. पण कमलनेही तो आवाज ऐकला होता. ती मला सांगायला भीत होती एवढेच. आमची मुलगी सुनीता सातव्या महिन्यात होती, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. कमल स्वयंपाकघरात मला खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, पोटुशी पोरगी हाय घरात. आत्याबाईच्या अंगाला जे काय हाय, ते तिच्यावर गेलं तर? मी तिला माझ्या भावाकडं औंढ्याला धाडते."

"रिपोर्टमध्ये काही नाही," मी म्हणालो.

"मंग तुमी बसा त्या रिपोर्टाला घेऊन. मी पोरगीला न्हाई बसू देत."

बाहेरून मायचा आवाज आला. तिने सारे ऐकले होते. "धाड बाई, धाड. बराबर करून राहिली तू. माझी कोनाचं ऐकत न्हाई."

तिने रागावून म्हटले असते तर बरे झाले असते. ती समजूतदारपणे म्हणाली, त्याने कमलच्या हातातली पळी खाली पडली.

माझे म्हणाल तर, मी असल्या गोष्टी मानणारा नाही असे मी नेहमी सांगत आलो होतो. पण त्या दिवसांत एखादी म्हातारी बाई अर्ज करायला समोर उभी राहिली की माझी नजर तिच्या कमरेकडे जाई. जेवताना भिंतीपलीकडून तो आवाज आला की घास तोंडातच राही. आणि एका सोमवारी मी औंढ्याला नागनाथापुढे उभा राहून, हे जे कोण आहे त्याने मायला सोबत नेऊ नये, असे तोंडी सांगून आलो. लेखी काही दिले नाही.

शमीमबीचा सवाल

सुनीताला धाडण्याआधी कमलने तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरायला शमीमबीला बोलावले. शमीमबी आमच्या गल्लीतल्या घरोघरच्या मनगटांचे माप ओळखून आहे. ती ओसरीवर टोपली मांडून बसली. माय पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यापुढे येऊन उभी राहिली. शमीमबीने तांब्या घेतला, पण नजर मायच्या कमरेवर थांबली.

"अम्मा, ये क्या निकला तुमकू?"

मी घसा खाकरून म्हणालो, "काही नाही, शमीमबी. नांदेडचा रिपोर्ट नॉर्मल आहे."

"मुन्शीजी, डाक्टर कू खड़ी करके दिखाए क्या लिटाके?"

"लिटाके."

"लो!" ती कपाळावर हात मारून हसली. "लिटाए तो किधर दिखता जी? मेरे ससुर कू बी जाँघ में ऐसाच था. खड़े रहे तो नींबू, लेटे तो गायब. डाक्टर बोले, चचा, खड़े रहके खाँसो. खाँसे तो धप्पकन बाहर. तुम तो दुनिया के अर्जियाँ लिखते, इत्ता नई समझा?"

कमलने मान खाली घातली; तिला हसू आले होते, महिन्याभरात पहिल्यांदा. मला राग आला. बांगड्या भरणाऱ्या बाईने मला चार माणसांत असे विचारावे! पण सुनीताच्या हातात दुसरी बांगडी चढेपर्यंत माझा राग उतरला, आणि त्याखाली जे होते तो राग नव्हता. इतक्या डॉक्टरांपुढे माय इतक्या वेळा निजली, आणि तिला उभी राहा म्हणावे हे माझ्या एकाही ओळीत नव्हते. ती वस्तू कधी येते, कधी जाते, हे मला माहीत असून मी ते लिहिले नव्हते. गाठ आहे, एवढेच लिहिले होते. कारण येते-जाते असे लिहिलेले अर्जात कच्चे दिसते.

मायला मात्र आता कुठे जायचेच नव्हते. "तिला दाखवायला न्हेता? कशाला? तिची काय तकलीफ हाय कोनाला?" दोन दिवस समजूत घातली. शेवटी सुनीता म्हणाली, "आज्जी, दाखवून तरी ये. मंग मी कुठं जात न्हाई, तुझ्याजवळच राहते." तेव्हा ती कबूल झाली.

जाण्याच्या दिवशी सकाळी मला एक सुचले, आणि ते माझ्या धंद्यामुळे सुचले. नांदेडला पोहोचून माय पुन्हा निजली तर जागा पुन्हा हरवणार. हद्द हरवू नये म्हणून शेतात दगड रोवतात. तसे काही हवे. मी माझी शाईची गादी कमलजवळ दिली आणि सांगितले, माय उभी असताना, ती वस्तू जिथे असेल तिथे खूण कर. मी दाराबाहेर थांबलो.

आतून मायचा आवाज आला, "दुसऱ्याचा हात नगं. दे इकडं." तिने स्वतःच गादीवर अंगठा दाबला आणि स्वतःच्या पोटावर उमटवला. आयुष्यभर मी दाखवीन तिथे तिने अंगठा दिला होता. ही जागा तिची तिने निवडली.

आज ती गप हाय

एसटी वारंगा फाट्याला थांबली तेव्हा मी चहाला उतरत होतो. मागे पाहिले, तर माय दोन्ही हात कुशीवर दाबून बसली होती. कपाळाला घाम होता.

"दुखतं का?"

"दुखतं." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, "बापू, आज ती गप हाय."

चारचौघांत, ऊन पडलेल्या गाडीत, चहाच्या कपबश्यांच्या आवाजात ते वाक्य ऐकून मी चहाला न उतरताच परत बसलो. जो आवाज ऐकून मी महिनाभर घाबरत होतो, तो बंद झाला म्हणून मी त्याहून जास्त घाबरलो. गाडी सुटली आणि मायने खिडकीबाहेर हिरवट पाणी ओकले. नांदेडपर्यंत दोनदा.

नांदेडच्या दवाखान्यात या वेळी डॉक्टर बाई होत्या. चाळिशीच्या, साडीवर पांढरा कोट. मी माझे दोन पानी निवेदन पुढे केले. त्यांनी ते न वाचता टेबलावर बाजूला ठेवले.

"आजी, तुम्ही सांगा काय होतंय."

"सदर तक्रार गेल्या..." मी सुरुवात केली.

"तुम्ही थांबा. त्यांना सांगू द्या."

इतक्या वर्षांत मला असे कोणी थांबवले नव्हते. माय बोलू लागली. उभे राहिल्यावर येणे, निजल्यावर जाणे, आवाज, चंची, आणि मग बहीणही. शिकलेल्या बाईपुढे ते सारे ऐकताना मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो. मला वाटले, आता हसतील.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, "आज काय म्हणते ती?"

"आज बोलून न्हाई राहिली. सकाळपासून. उलटी झाली."

त्यांचा चेहरा बदलला. त्या लगेच उठल्या. "आजी, इथे झोपा बरं."

पडद्याआडून त्यांनी मला आत बोलावले. मायचे पोट उघडे होते. मुलाने पाहू नये तेवढे उघडे, पण त्याचा विचार करायला वेळ नव्हता. माय उताणी निजलेली होती, आणि ती वस्तू गेलेली नव्हती. पहिल्यांदाच गेलेली नव्हती. डाव्या बाजूला ताठ उभी होती, आणि तिच्या माथ्यावर मायचा जांभळा अंगठा होता. खालचे कातडे ताणले गेल्यामुळे त्याच्या रेषा एकमेकींपासून लांब गेल्या होत्या. एवढा मोठा अंगठा मी कधी पाहिला नव्हता. तो माणसाचा वाटत नव्हता.

डॉक्टरबाईंनी त्यावर नळी ठेवून बराच वेळ ऐकले. मग मला म्हणाल्या, "पोटाच्या भिंतीला फट पडलेली असते. त्या फटीतून आतडं कातडीखाली येतं, झोपल्यावर परत जातं. तो आवाज आतड्याचा. आज ते फटीत आवळलं गेलंय, त्याला रक्त मिळत नाही. ऑपरेशन आत्ता करावं लागेल."

"न्हाई," माय म्हणाली. "तिला कापू देनार न्हाई मी."

वॉर्डातल्या बाईने संमतीचा कागद माझ्यापुढे धरला. "तुमी मुलगा ना? तुमची सही चालते. करा लवकर."

माझे पेन खिशातून निघालेच होते. हे मी लपवीत नाही. म्हाताऱ्या बायकांचे मनगट धरून मुलांनी त्यांचा अंगठा कागदावर टेकवताना मी पुष्कळदा पाहिले आहे, आणि गादी मीच पुढे केलेली आहे. बाईला काय लिहिले ते वाचून दाखवा, असे मी दर वेळी म्हटलेले नाही.

डॉक्टरबाईंनी तो कागद बाजूला सारला आणि स्टूल ओढून मायच्या तोंडाजवळ बसल्या. "आजी, कापायचं मनात नाही माझ्या. ती बाहेर अडकलीय, गळ्याला फास बसल्यासारखी. मी फास सोडवते, तिला आत ठेवते आणि दार शिवून टाकते."

"आत? माझ्यातच?"

"तुमच्यातच."

"आन्‌ मेली असली तर?"

मला वाटले, त्या खोटे सांगतील. मी असतो तर सांगितले असते.

"मेली असली तर तेवढा तुकडा काढावा लागेल, आजी. नाहीतर तुम्ही जाल. पण जिवंत असली तर हात लावणार नाही. वाट पाहीन."

मायने कागदाकडे बोट केले. मग म्हणाली, "बापू, वाच काय लिव्हलंय त्याच्यात."

मी वाचला. सगळा वाचला, छापील बारीक अक्षरांसकट. जिथे अडलो तिथे डॉक्टरबाईंनी सांगितले. मग मायने अंगठा दिला.

दाराबाहेर

दुपारी एकला तिला आत नेले. लाकडी बाकावर मी बसलो. माझ्या हाताला जांभळी शाई लागली होती आणि पुसायला मन होत नव्हते. आत जे आहे ते आतडे आहे हे मला सांगितले गेले होते, ते माझ्या बुद्धीला पटलेही होते. तरीही त्या बाकावर बसून मी दोघींसाठी प्रार्थना करीत होतो. माय आणि ती. एकीचे नाव घ्यावे आणि दुसरीचे टाळावे, हे त्या वेळी मला जमले नाही.

उन्हे खिडकीतून भिंतीवर चढली तेव्हा डॉक्टरबाई बाहेर आल्या. टोपीखाली घाम होता. "काही कापावं लागलं नाही," एवढेच म्हणून त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी कमल आली. तिने कोणाशी काही न बोलता मायच्या उशाशी बसून तिचे केस विंचरले, अंबाडा घातला. माय म्हणाली, "सुनी कुठं हाय?" कमल म्हणाली, "घरीच हाय, आत्याबाई. कुठं धाडली न्हाई." दोघींमध्ये त्या विषयावर पुढे बोलणे झाल्याचे मी ऐकले नाही.

वाचणाऱ्यांस

माझ्यापाशी सांगण्यासारखे थोडे आहे. घरातले म्हातारे माणूस "मला इथे काही येते" असे म्हणाले, तर डॉक्टरांपुढे त्यालाच बोलू द्यावे. तुम्ही माझ्याहून मोठे मुद्देसूद असाल तरीही. त्याला उभे करून, खोकायला लावून पाहावे अशी विनंती करावी. रिपोर्ट नॉर्मल आला आणि माणूस अजून म्हणत असेल, तर पुन्हा जावे. आणि जी वस्तू रोज आत जाते ती एखाद्या दिवशी गेली नाही, दुखू लागली, उलटी झाली, तर तासाचाही उशीर करू नये. खूण करण्याची अक्कलहुशारी माझी असली, तरी पहिल्यांदा विचारले ते शमीमबीने, हेही नोंदवून ठेवतो.

आता एकच गोष्ट राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई टाके पाहायला आल्या. माय उशीला टेकून बसली होती. तिने पेज घेतली होती, आवाजात जोर आला होता.

"बाई, तुमी पाह्यली का तिला?"

डॉक्टरबाईंना कशाविषयी आहे ते कळले. त्यांनी पट्टी बांधता बांधता सांगितले, "पाहिली. आधी निळी-काळी पडली होती. मला वाटलं, गेली. मग मिठाच्या गरम पाण्यात फडकी भिजवून तिच्यावर ठेवली. थांबले. पुन्हा गरम फडकं ठेवलं. हळूहळू गुलाबी झाली. हलायला लागली. तेव्हा आत ठेवली."

"निळी व्हती," माय म्हणाली.

"हो."

"किती येळ ठेवलं फडकं?"

"दहा मिनिटं. पंधरा असतील."

माय खिडकीकडे पाहत राहिली. डॉक्टरबाई थांबल्या; जायची घाई असूनही थांबल्या.

"कयाधूला पानी चढून राहिलं व्हतं," माय म्हणाली. "गाडीतच झाली ती, नदीच्या ऐलाड, अन्‌ मान्सं म्हनत व्हती, चला, चला. तीबी निळीच व्हती, बाई." तिने हात पट्टीवर ठेवला, हलकेच. "आमी तेवढा येळ थांबलोच न्हाई."